घाटमाथ्याने सायकलवर: आंबा ते आंबोली (मार्ग, मुक्काम, गवे आणि उसाच्या ट्रॉल्या)

माथ्यावरचा_वारा (धागाकर्ता)

दिवाळी सरली की 'सायकलने गोव्याला जायचंय, कुठला घाट उतरू?' हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. उत्तरंही ठरलेली. कोणी आंबोली सांगतं, कोणी अणुस्कुरा, कोणी चोर्ल्याच्या खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडतं. घाट उतरायला किती वेळ लागतो? तासभर. तेवढ्यात कोकणात पोचता, पुढे काँक्रीटचा महामार्ग, आणि ज्या जंगलासाठी रजा टाकली ते मागे वरच राहतं.

म्हणून माझं म्हणणं: घाट उतरायची घाई करू नका. आंब्याला पोचा आणि तिथून दक्षिणेला वळून माथ्यामाथ्याने आंबोलीपर्यंत जा. कोल्हापूर जिल्ह्याची ही पश्चिम कड म्हणजे सायकलवाल्यासाठी सह्याद्रीतला सगळ्यात सलग हिरवा पट्टा, असं माझं मत आहे. महाबळेश्वरवाले भांडायला येतील, येऊ देत.

आधी नकाशा बघा. इथले मोठे रस्ते सगळे पूर्व-पश्चिम आहेत, कोल्हापूरहून कोकणात उतरणारे: आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा, आजऱ्याकडून आंबोली. नद्या याच कडेवर उगम पावून पूर्वेला जातात. उत्तरेकडून मोजत गेलात तर कडवी, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी. आपण दक्षिणेला चाललो की प्रत्येक खोऱ्यात उतरायचं, पूल ओलांडायचा, पलीकडच्या धारेवर चढायचं. पुढच्या नदीला परत तेच. यातल्या एकाही चढाला नाव नाही, कोणी त्याच्या पाटीशेजारी सेल्फी काढत नाही, पण दिवसाअखेर बेरीज एखाद्या नामांकित घाटापेक्षा जास्त भरते. 'माथा म्हणजे सपाट' असं धरून दिवसाला शंभर किमी आखणारे लोक तिसऱ्या नदीला एसटी शोधायला लागतात. सामान लादून ५०-६० किमी पुष्कळ झाले.

ढोबळ मार्ग असा: मलकापूर-आंबा, तिथून विशाळगडाच्या रस्त्याने गजापूरच्या बाजूला. पावनखिंड वाटेतच आहे, सायकल वर लावून खाली चालत जाऊन या. मग अणुस्कुऱ्याच्या रस्त्यावर येऊन बाजारभोगावकडे, कासारीच्या खोऱ्यातून. पुढे कळे-असळज करत गगनबावडा. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, तिथून करूळची वळणं दिसतात. ती बघायची, उतरायची नाहीत! गावरस्त्यांनी धामोडला तुळशी धरणाच्या कडेने राधानगरी. तिथून दाजीपूरला जाऊन परत राधानगरीलाच यायचं, कारण दाजीपूरहून दक्षिणेला सायकलचा सरळ रस्ता नाही, अभयारण्य आडवं आहे. मग गारगोटी, जमलं तर आत पाटगाव, पुढे आजरा आणि शेवटी आंबोली.

राधानगरीत धरणासाठी थोडा वेळ काढा. राजर्षी शाहूंनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला गेली की दाबानेच उघडतात, पातळी उतरली की मिटतात. वीज नाही, मोटर नाही. थंडीत ते अर्थातच बंद असतात, तरी बघण्यासारखं काम आहे.

आता दाजीपूर. हे पूर्वी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. फोंड्याकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो आणि तो सार्वजनिक आहे, त्यावर सायकल चालवायला कोणी अडवत नाही. आतल्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) जायचं तर प्रवेशशुल्क, वाटाड्या आणि गाडी. सायकल आत नेऊ देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

त्या रस्त्यावर ऊन पुरतं वर यायच्या आधी एक वळण घेतलं तर समोर डांबरावर गवा उभा. एकटा नर. खांद्यावरची वशिंड माझ्या डोक्याच्या वर, गुडघ्याखाली पांढरे मोजे, आणि नाकातून निघणारी वाफ दिसावी इतकं अंतर. सायकलचा आवाज नसतो, त्यामुळे त्याला माझा पत्ता उशिरा लागला. त्याने डोकं वळवलं नाही, अख्खं अंग आडवं करून उभा राहिला. ते 'बघ मी केवढा आहे' असतं, हे पुढे वनरक्षकाने सांगितलं. मी सायकलवरून उतरलो, ती दोघांच्या मध्ये धरली (तिचा काय उपयोग होणार होता, देव जाणे) आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे वळणाआड गेलो. मागून दुधाची गाडी आली, तिच्या चालकाने इंजिन बंद केलं आणि निवांत तंबाखू मळायला घेतली. म्हणाला, "त्याला जायचं तेव्हा जाईल." आणि गेला तो, करवंदीच्या जाळीतून, वाळका पाचोळा चुरडत. एवढा मोठा प्राणी झाडीत शिरला की चार पावलांत दिसेनासा होतो.

तर हा धागा त्या पट्ट्यासाठी. रस्त्यांची सध्याची अवस्था, मुक्काम, सायकलीचे प्रश्न, काहीही टाका.

पावशेर_चहा

वाचतोय. फोटो नाहीत त्यामुळे प्रवास झालाच नाही असं समजण्यात येत आहे.

माथ्यावरचा_वारा

गव्याला जरा थांब म्हटलं होतं, ऐकलं नाही.

करवीर_पेठ

नाद खुळा धागा! फक्त एक गोष्ट ह्यात ठळक लिवा भावा. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडं गळीत हंगाम. गवा परवडला, डबल ट्रॉली नको. ट्रॅक्टर पुढं, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर भाईर, आणि गाणी एवढी मोठ्यानं की तुमची घंटी ड्रायव्हरला ऐकू येणं शक्यच नाही. चढाला मागची ट्रॉली डुलती. तिच्या मागनं सावलीत चालवायचा मोह हुतो, अजिबात करायचा नाही, उसाची मोळी अंगावर येती. अंधारात मागं लाल दिवा बी नसतोय बऱ्याचदा.

कळे ते असळज आणि राधानगरी रोड, दोन्हीकडं हे आहे. सकाळी लवकर निघा आणि अकराच्या आत मोठा रस्ता सोडा. एकदा गावरस्त्याला लागला की मग फक्त म्हशी.

आणि राधानगरी रोडला गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. काकवी घ्या, पण चढाच्या आधी नको, चढानंतर.

सायली_दुचाकी

मार्ग आवडला. मी एकटी जायचा विचार करतेय, याआधी कोकण किनाऱ्याने एकटी गेले आहे. तिथे दर दहा किमीला घरगुती राहायची सोय मिळते. इथे काय? तंबू नेऊ का? रात्री जंगलात तंबू लावता येतो का?

माथ्यावरचा_वारा

सायली, किनाऱ्यासारखी रेलचेल इथे नाही, पण अडत नाही. आंबा आणि आंबोलीत हॉटेलं, रिसॉर्ट भरपूर, आंबोलीत एमटीडीसीही आहे. गगनबावड्यात लॉज आणि खासगी रिसॉर्ट मिळतात. राधानगरी, गारगोटी, आजरा ही तालुक्याची किंवा बाजाराची गावं, तिथे साधे लॉज असतात. दाजीपूरला वनविभागाची सोय आहे, पण ती आधी ठरवून जायची गोष्ट, संध्याकाळी दारात जाऊन उभं राहायची नाही. मधल्या खोऱ्यांत अडकलात तर गावातल्या शाळेच्या गुरुजींना किंवा सरपंचांना विचारा, कोणाच्या तरी पडवीत सोय होते. दुपारी तीनलाच विचारायला सुरुवात करा. अंधार पडल्यावर विचारलं की लोक मदत करतात, पण काळजीपोटी प्रश्न फार विचारतात.

जंगलात तंबू: नाही. परवानगीशिवाय वनहद्दीत मुक्काम करता येत नाही, आणि परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गव्यांच्या वाटेवर झोपायची हौस कशाला? तंबूच्या वजनाऐवजी एक जास्तीची ट्यूब आणि चांगली चादर न्या.

शेकरूची_झोप

मी या भागात पक्षी-प्राण्यांच्या कामानिमित्त बरीच वर्षं फिरते. धागा चांगला आहे, गव्याचं वागणं बरोबर टिपलंय. थोडी भर घालते.

गव्यांचा कळप असेल तर त्यातला शेवटचा पार होईपर्यंत थांबायचं. पुढचे चार गेले म्हणून सायकलस्वार निघतात, आणि मागून पिल्लू व त्याची आई येते. एकटा नर रस्त्यात असेल तर टाळ्या, शिट्ट्या, घंटी काही नको. पहाट आणि संध्याकाळ ही त्यांची चरायची वेळ, म्हणून मी तर म्हणेन की दाजीपूर रस्ता सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच करा. गवा दिसणार नाही कदाचित. चालेल की!

दुसरं, हत्ती. साधारण २००२ पासून कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्ग, चंदगड, आजरा या बाजूला येऊ लागले. आजरा-आंबोली रस्ता करण्याआधी आजऱ्यात चहाच्या टपरीवर विचारा, 'हत्ती कुठे आहे सध्या?' लोकांना रोजची खबर असते, कारण त्यांचा ऊस आणि केळी जात असते. हत्ती जवळपास आहे म्हणाले तर सायकल टेम्पोत टाका. गव्यासमोर चालणाऱ्या युक्त्या हत्तीसमोर चालत नाहीत.

तिसरं, कोणी पावसाळ्यात जाणार असेल तर. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत रात्री रस्त्यावर बेडूक, चापडे (हिरवे विषारी साप), खेकडे असतात आणि गाड्यांखाली चिरडले जातात. आंबोली टोड नावाचा भेक तर जगात फक्त याच परिसरात आहे. सायकलच्या चाकाखालीही तो मरतोच. अंधारात सायकल चालवू नका, ही विनंती जितकी तुमच्यासाठी तितकीच त्याच्यासाठी.

आणि कृपा करून हँडलला ब्लूटूथ स्पीकर लावू नका. उसाच्या ट्रॉल्या पुरे आहेत.

उताराचा_राजा

मत वेगळं आहे. माथ्याने जाण्यात जंगल मिळतं, मान्य. पण सह्याद्रीची गंमत त्याच्या कड्यात आहे. देशावरून गेलात तर तुम्हाला कळतही नाही की तुम्ही ६९० मीटरवर आहात, आंबोली एखाद्या गावासारखी येते. तीच आंबोली घाटाखालच्या दाणोलीहून चढून बघा. खाली दमट, घामाने शर्ट चिकटलेला, मग झाडी बदलते, धबधब्याच्या वळणाला गार हवा लागते, वर पोचेपर्यंत जाकीट अंगात घालावं लागतं. ही उंची पायांनी मोजता येते. मी म्हणेन की सावंतवाडीहून सुरुवात करा आणि उलट उत्तरेला जा.

माथ्यावरचा_वारा

राजे, आयडी उताराचा आणि शिफारस चढाची!

चढायला आंबोली सुंदर आहे यात वाद नाही, चढ एकसारखा आहे, अंगावर येत नाही. पण पहिल्याच दिवशी, सामानासह, समुद्रसपाटीजवळच्या घामट हवेतून ६९० मीटर? अनुभवी माणसाला ठीक. नवख्याला दुसऱ्या दिवशी शेजारच्या चौकुळपर्यंतही जावंसं वाटणार नाही. शिवाय वीकांताला त्या घाटात गाड्यांची रांग असते. मंगळवार-बुधवार साधत असेल तर तुमचा पर्याय घ्यावा.

गिअर_कुठला_टाकू

माझ्याकडे हायब्रिड आहे, पुढे ४८-३८-२८, मागे ११-३२ दातांच्या चकत्या. टायर ३२ मिमी. रिम ब्रेक. मागे कॅरिअरवर दोन पिशव्या, सगळं मिळून १२ किलो सामान. जमेल का? की भाड्याने एमटीबी (डोंगरी सायकल) घेऊ?

उताराचा_राजा

जमेल, उत्तम जमेल. पुढचा २८ आणि मागचा ३२ म्हणजे पॅडल एकदा फिरलं की चाक एक फेरीही पूर्ण करत नाही. मिनिटाला ६० वेळा पाय फिरवले तर ताशी साडेसहा किमीच्या आसपास वेग पडतो. यापेक्षा हळू गेलात तर तोल जातो, त्यामुळे याहून हलका गिअर घेऊनही फार उपयोग नाही, उतरून ढकलणं तेवढंच. ढकलण्यात कमीपणा मानू नका. गावरस्त्यांवर पूल संपला की लगेच १२-१५ टक्क्यांचे छोटे खडे चढ येतात, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना बारा-पंधरा मीटर वर. घाटरस्ता आखणारा इंजिनिअर सहसा असं करत नाही, ग्रामसडक करणारा करतो.

टायर ३२ पेक्षा ३८ बसत असतील तर ते टाका, खडीच्या तुकड्यांवर फरक पडतो.

खरी काळजी ब्रेकची. रिम ब्रेक सतत घासत उतरलात की रिम तापते, ट्यूब फुटू शकते, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात. सरळ तुकड्यात सोडायचं, वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र आणि जोरात मारून वेग मोडायचा, वळणात परत सोडायचं. सामान मागे असलं तरी अर्ध्याहून अधिक ताकद पुढच्या ब्रेकचीच असते. मधे थांबून रिमजवळ हात न्या, चटका जाणवला तर पाच मिनिटं नजारा बघा. पॅडचा एक जास्तीचा जोड पिशवीत असू द्या, गारगोटीत सायकलचं दुकान मिळेल पण तुमचे पॅड मिळतील याची खात्री नाही.

कुडाळचो_झील

आंबोलेक येवा, आंबोली आपलीच आसा! घाट उतारल्यार दाणोलीक साटम महाराजांच्या समाधीक थांबा, सावली आसा, पाणी आसा. आणि खाली इल्यार कोकम सरबत घेतल्याशिवाय पुढे जाव नकात. काळजी एकच: पावसान दरड कोसळता, करूळ घाट तर कामासाठी लय दिवस बंद होतो. कुठलोय घाट उतरायचो आसल्यास निघण्याआधी कोणाकतरी फोन करून इचारा.

पावशेर_चहा

आंबोलीत खायचं काय ते कोणीच लिहीत नाही, धागा भरकटतोय.

करवीर_पेठ

पावशेर, आजऱ्यातनं घनसाळ तांदूळ घ्या किलोभर. बारका, वासाचा, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला तांदूळ आहे. सायकलवर ओझं हुतं म्हणाला तर कुरिअर करा. वाटेत खायला भडंग आणि राजगिऱ्याची चिक्की. केळी पिशवीत ठेवू नका, पहिल्या खड्ड्याला त्याचं शिकरण.

पाटगावला गेला तर मध. पाटगाव मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय, मौनी महाराजांचा मठ बी तिथंच.

ब्लॅकफॉरेस्टकर

मी जर्मनीत फ्रायबुर्गला असतो, त्यामुळे सायकलवर जंगल-डोंगर म्हणजे माझ्यासाठी श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट. इथे रस्ता शोधावा लागत नाही, दर फाट्याला पाट्या, अंतर, सगळं. थकलात तर सायकल लोकल ट्रेनमध्ये चढवा. तरी सगळं मोकळं आहे असं नाही. या राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला कायद्याने बंदी आहे, आणि त्यावरून सायकलवाले आणि पायी फिरणारे यांच्यात कायमचे वाद. दाजीपूरच्या आत सायकल नको, यावर कोणी रुसू नये म्हणून सांगितलं. इथे गवा नाही, फेल्डबर्ग १४९३ मीटर असला तरी वर गाईच दिसतात, गळ्यात घंटा घातलेल्या.

मला एक विचारायचंय. पुढच्या थंडीत भारतात येतोय. फोनवरचा नकाशा या गावरस्त्यांवर कितपत चालतो?

शेकरूची_झोप

जपून. नकाशा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणून धनगरवाड्याची पायवाट किंवा वनखात्याचा जीपचा मार्ग दाखवतो. जीपच्या मार्गावर पुढे फाटक असतं आणि फाटकाला कुलूप. खोऱ्यांत रेंजही जाते, त्यामुळे तिथे उभं राहून दुसरा मार्ग शोधता येत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि पडताळणीला एक सोपा प्रश्न गावात विचारा: 'या रस्त्याने एसटी जाते का?' जात असेल तर डांबर आहे, पूल आहे आणि पलीकडे गाव आहे.

धनगरवाड्यांवर गेलात तर ताक मिळतं. पैसे घेत नाहीत, मुलांसाठी वह्या-पेन्सिली नेल्या तर चालतात. चॉकलेटं नकोत, त्यांचे कागद रानात राहतात.

माथ्यावरचा_वारा

'एसटी जाते का' हे भारी आहे, मूळ धाग्यात घालायला हवं.

ब्लॅकफॉरेस्टकर, थंडीत येताय तर जानेवारीच्या शेवटाऐवजी फेब्रुवारीच्या शेवटाकडे सरकता आलं तर बघा. ऊन वाढतं, पण तेव्हा अंजनी फुलायला लागते. आंबोलीच्या आसपास रस्त्याकडेला ही ठेंगणी झाडं पुष्कळ आहेत. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या लाकडालाच बिलगून येतात. जांभळ्या-निळ्या ठिपक्यांचे झुबके, जवळ जाऊन बघितलं तर एकेक फूल मुगाच्या दाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. गाडीतून दिसत नाहीत, सायकलवरून चढ चढताना नाकासमोर येतात.

सायली_दुचाकी

सगळ्यांचे आभार, खूप माहिती मिळाली. ठरलं, कोल्हापूरहून सुरू करून आंबोली उतरून सावंतवाडीला संपवते. शेवटचा प्रश्न: सायकल परत मुंबईला कशी आणू? रेल्वेत घेतात का?

कुडाळचो_झील

घेतात. सावंतवाडी रोड स्टेशनवर आधी जाऊन चौकशी करा, कारण गाडीचा थांबा कमी मिनिटांचा असला तर ब्रेकव्हॅनमध्ये सायकल चढवायला नकार देतात. तुमचं तिकीट त्याच गाडीचं असेल तर लगेज म्हणून नोंद होते, नाहीतर पार्सल, आणि पार्सल तुमच्याच गाडीने जाईल असं नाही. तिथे नाही म्हणाले तर मडगावला जावा, मोठं स्टेशन आहे. सायकलला नाव, फोन आणि कुठून-कुठे हे लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, पॅडल आणि दिवे काढून पिशवीत घ्या.

करवीर_पेठ

नायतर आंबोलीतनं उलट फिरा आणि सायकलनं कोल्हापूरला या परत. आजऱ्यापासनं पुढं उतारच उतार.

उताराचा_राजा

आजऱ्यापासून पुढे उतारच उतार?? उत्तूरचे चढ काय वाहून गेले?

करवीर_पेठ

तेवढं सोडून.